पवनेचें पाणी आणि सरकारची स्थगिती

पवना धरणांतून सुटलेलें पाणी नदीच्या पात्रांतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापाशीं येतें व तेथून पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका तें उपसून शहरास पुरविते. वाटेवरील मावळच्या गांवांतील मोटारी व विहिरी ह्याच वाहत्या पाण्यावर चालतात. हें पाणी धरणापासून निगडीपर्यंत सुमारें ३५ किलोमीटर बंद नळांतून नेण्याचें पालिकेनें योजिलें. उघड्या पात्रांत पाणी आटतें, मुरतें व घाण होतें, असें शहराचें म्हणणें. तें खोटें नाहीं. परंतु शहराच्या हिशेबीं जें पाणी वायां जातें, तेंच काठच्या विहिरींत उतरतें, ही गोष्ट शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको.

९ ऑगस्ट २०११ रोजीं शेतकऱ्यांनीं बऊर येथें द्रुतगती महामार्ग अडविला. पोलिसांच्या गोळीबारांत तीन शेतकरी मरण पावले. त्यांत एक स्त्री होती. त्यानंतर सरकारनें कामास स्थगिती दिली, आणि पुष्कळांस योजना मोडली असें वाटलें. दप्तरांत वय घालविलेल्या आम्हांस तसें वाटलें नाहीं. स्थगिती म्हणजे रद्द करणें नव्हे. फाईल बांधून फडताळांत ठेवणें होय. २०२३ सालीं ती स्थगिती सरकारनें उठविली.

शेजारच्या मुळशींत १९२१ सालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला. माणसें तुरुंगांत गेलीं, धरण झालें. त्या वेळीं भूसंपादनासच हरकत घेण्याची सोय १८९४ च्या कायद्यांत नव्हती. ती १९२३ च्या दुरुस्तीनें आली. २०१३ च्या कायद्याप्रमाणें प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी हरकत देतां येते, व समक्ष किंवा वकिलामार्फत म्हणणें मांडतां येतें. नळासाठीं जमिनीच्या वापराचाच हक्क घेतला जात असेल तर कायदा निराळा लागतो व मुदतही निराळी असूं शकते. म्हणून नोटीस आधीं नीट वाचावी. मुदत संपल्यावर आलेले, मजकूर अगदीं खरा असलेले अर्ज आम्हीं स्वतः दप्तरीं दाखल करून ठेवले आहेत. तोंडी तक्रारीस तर आवक क्रमांकही पडत नाहीं.

मात्र येथें एक मोठी अडचण आहे. ज्याची जमीन जाते त्याची हरकत हा कायदा ऐकतो. ज्याचें केवळ पाणी जातें त्याच्यापाशीं, असलाच तर, उपशाचा परवाना एवढाच कागद असतो. महामार्गावर बसलेल्यांपैकीं बहुतेकांचें दुःख ह्या दुसऱ्या प्रकारचें होतें असें आम्हांस वाटतें. तरी नदीवर मोटार असणाऱ्यांनीं पाटबंधारे खात्याचा परवाना काढून पाहावा. तो वारलेल्या वडिलांच्या नांवावर असेल, किंवा त्याची मुदत सरली असेल, तर सातबाऱ्याचा उतारा जोडून आतांच अर्ज करावा आणि पोच घेतल्याखेरीज कचेरींतून उठूं नये.