कथेची शाळा

पाठ्यपुस्तकाआड रहस्यकथा वाचणारा विद्यार्थी सापडला की ते पुस्तक जप्त होते. अभिरुचीचे रक्षण केल्याचे समाधान आपल्याला लाभते. परंतु त्या मुलाला पान उलटावयास लावणारी शक्ती कोणती, हा प्रश्न आपण विचारीत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काय सांगावयाचे, काय राखून ठेवावयाचे आणि प्रकरण कोठे तोडावयाचे, हे होतकरू लेखकाने त्यांच्याकडून अवश्य शिकावे.

अर्थात केवळ उत्कंठेवर कथा टिकत नाही. तिला माणसे लागतात, आणि ती भोवतालीच शोधावी लागतात. श्री. ना. पेंडसे १९१३ साली दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मले. पुढे मुंबईत ‘बेस्ट’मध्ये त्यांनी नोकरी केली, लेखणी मात्र बालपणीच्या कोकणाकडे वळली. ‘हद्दपार’चे (१९५०) राजेमास्तर हे खेड्यातले शिक्षक, ‘गारंबीचा बापू’चा (१९५२) नायक गावाने वाया गेलेला ठरविलेला पोर. अशी माणसे कोणत्या गावात नाहीत?

मग रत्नागिरीच्या विद्यार्थ्याने कथाबीजासाठी दूर कशाला जावे? एस.टी.च्या रांगेतील वाद, सातबाऱ्यासाठी कचेरीत खेपा घालणारी म्हातारी, मुंबईच्या फोनची वाट पाहणारे घर, कथा तेथेच आहे. शिक्षकांनी जप्त केलेले पुस्तक परत द्यावे आणि एवढेच सांगावे: वेग यातला घे, माणसे मात्र आपल्या आळीतली घे.