एफ-१२ कोणाची?

२०२२ च्या दिवाळीत आमच्या मंडळाने नाटकाचा प्रयोग ठेवला होता. शाळेचं सभागृह, ६०० खुर्च्या आणि तिकिटविक्री मंडळाच्या स्वतःच्या वेबसाइटवर. प्रयोगाला दहा मिनिटं असताना एफ रांगेत गडबड सुरू झाली. दोन कुटुंबं, दोघांच्याही हातात एफ-१२ ते एफ-१५ ची तिकिटं. दोन्ही खरी, दोन्हींचे पैसे भरलेले. एका कुटुंबाबरोबर पुण्याहून आलेल्या आजी होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आमच्या बालगंधर्वला सुद्धा असं कधी झालं नाही!" पाठोपाठ जी रांगेतून आणि के रांगेतूनही तसेच आवाज यायला लागले. एकूण २७ खुर्च्या दोनदा विकल्या गेल्या होत्या. कॅफेटेरियातून घडीच्या खुर्च्या आणल्या, आजींना पहिल्या रांगेत कार्यकारिणीच्या जागेवर बसवलं, आणि एकदाची तिसरी घंटा झाली.

हा पराक्रम आमचा. आम्ही म्हणजे मंडळाची संगणक समिती, हौशी माणसं तीन. आणि हे सगळं झालं ते आमच्या अतिकाळजीपोटी! विक्रीच्या रात्री सर्व्हर बंद पडू नये म्हणून आम्ही त्याला जोडीदार आणला होता. एकटा सर्व्हर असता तर फार तर तासभर विक्री थांबली असती. एफ-१२ दोघांना गेली नसती.

(असली जोडी हल्ली भाड्यानेही मिळते. पण एका सभासदाच्या कचेरीतून मोडीत निघालेली दोन मशीन्स फुकट मिळाली, आणि फुकट मिळालेली वस्तू मराठी माणूस टाकून देत नाही.)

मांडणी साधी होती. ज्यांच्या घरी दुकान होतं त्यांना कीर्द-खतावणी माहीत असेल. व्यवहार झाला की आधी कीर्दीत नोंद, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. आम्ही वापरतो तो पोस्टग्रेस डेटाबेस असंच करतो. तिकीट विकलं की आधी कीर्दीत ओळ पडते. मुख्य सर्व्हर त्या ओळी लगोलग राखीव सर्व्हरला पाठवतो आणि राखीव आपली खतावणी त्याबरहुकूम लिहीत जातो. शिवाय दोघे दर सेकंदाला एकमेकांना "मी आहे" असं कळवत असतात. मुख्याचा आवाज बंद झाला की राखीव गादीवर बसतो आणि मुख्याचा नेटवर्कवरचा पत्ताही स्वतःकडे घेतो. लोकांना काही कळतही नाही. यालाच फेलओव्हर म्हणतात.

त्या रात्री मुख्य सर्व्हर ठणठणीत होता. फक्त दोघांमधली वायर व्हॅक्यूम क्लीनरच्या धक्क्याने सैल झाली. राखीवाला वाटलं, मुख्य गेला. तो गादीवर बसला. मुख्यही गादीवर होताच. पत्ता एक, मालक दोन. काही लोकांचा व्यवहार याच्याकडे होई, काहींचा त्याच्याकडे, आणि दोघांच्याही वहीत एफ-१२ रिकामी! १९ मिनिटं हा संसार चालला. संगणकवाले याला 'स्प्लिट ब्रेन' म्हणतात.

आपल्यापैकी जी मंडळी सत्तरच्या दशकात इकडे आली, त्यांना यातली मेख लगेच कळेल. घरून तीन आठवडे एरोग्राम आलं नाही की काळजाचं पाणी व्हायचं. घरी काही बरंवाईट झालं, की टपालच रखडलं? नुसत्या शांततेवरून ते ओळखता येत नसे. मग शेजारच्या ज्या काकूंकडे फोन असेल त्यांना ट्रंक कॉल लावायचा. "काकू, जरा बघता का हो, आमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" दोन सर्व्हरना नेमकी हीच अडचण असते. जोडीदार गप्प झाला म्हणजे तो मेला, की मधली वायर तुटली, हे त्या दोघांपैकी कोणालाही एकट्याने ठरवता येत नाही, तुम्ही कितीही महागडी मशीन्स घ्या. तिसरं कोणीतरी लागतं.

आम्ही या काकूंना वगळलं होतं. एवढंच नाही, कोरोसिंक आणि पेसमेकर हे जे प्रोग्रॅम आम्ही वापरतो, त्यात 'स्टोनिथ' नावाची सोय आहे. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव. अर्थ 'दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला'. म्हणजे गादीवर बसण्याआधी जुन्या मालकाची वीज खरोखर तोडायची आणि ती तुटल्याची खात्री करून घ्यायची. मांडणी करताना तीच सोय चुका दाखवत होती, म्हणून "तात्पुरती" बंद केली. शिकाऊ लोकांसाठीच्या सूचनांतही तसं सुचवलेलं असतं. तात्पुरतं म्हणून बंद केलेलं पुढे कोण चालू करतं?

२०२३ च्या उन्हाळ्यात सगळं पुन्हा मांडलं. दोघांमध्ये एकाऐवजी दोन वायरी, दोन वेगळ्या वाटांनी. स्टोनिथ चालू. दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना गोळी घालू नये म्हणून, मुख्याला मारण्याआधी पाच सेकंद थांबायचं असा नियम. आणि तिसरं मत देण्यासाठी एका सभासदाच्या घरी पुस्तकाएवढा छोटा संगणक. त्याच्याकडे तिकिटांची नोंद नाही, काही नाही. तो फक्त कौल देतो. तीन मतांपैकी ज्याच्याकडे दोन, तोच मालक.

मग तालमी. राखीवाकडे कारभार रीतसर सोपवला: छान. वायरी उपटल्या: छान. मुख्याची विजेची दोरीच खेचली, आणि राखीव हातावर हात ठेवून बसला! पाच मिनिटं, दहा मिनिटं. कारण असं की मुख्याची वीज तोडणारं छोटं कार्ड मुख्याच्याच पेटीत, त्याच्याच विजेवर. ते मेल्यावर "हो, तोडली" हे सांगणार कोण? खात्री होईना म्हणून राखीव गादीवर बसेना. त्याचं चुकलं नव्हतं, शहाण्यासारखाच वागला. आम्ही नेटवर्कवरून बंद-चालू करता येणारी विजेची पट्टी आणली, कार्डाने उत्तर दिलं नाही तर तिला विचारायचं ठरवलं. पुढच्या तालमीला ४० सेकंदांत काम झालं. त्या एका खेचण्याने आम्हाला जे शिकवलं ते महिनाभराच्या वाचनाने शिकवलं नव्हतं.

तरी एक प्रश्न उरतोच. साक्षीदार मालक ठरवतो, पण जुन्या मालकाच्या वहीतल्या ज्या शेवटच्या ओळी राखीवाकडे पोचल्याच नाहीत, त्यांचं काय? २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहब या कंपनीत हेच झालं. उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा दुवा ४३ सेकंद तुटला. कौल देणारी यंत्रणा होती, तिने नियमाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला मालक केलं. पण पूर्वेच्या वहीत अशा नोंदी राहिल्या ज्या पश्चिमेला माहीत नव्हत्या, आणि तोवर पश्चिमेने नव्या लिहायला घेतल्या. दोन वह्यांचा मेळ घालत सगळं सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. त्यांनी घाई न करता आधी नोंदी सांभाळल्या, हे आम्हाला फार पटलं.

आम्ही राखीवाने "मिळाली" म्हटल्याशिवाय तिकीट पक्कं करत नाही. यात गोम अशी की राखीव आजारी पडला तर मुख्यही अडून बसतो, म्हणजे दोघांपैकी कोणीही गेलं तरी विक्री बंद! म्हणून राखीव गेल्याचं नक्की झालं की क्लस्टर मुख्याला एकट्याने लिहायची मुभा देतं आणि आम्हा तिघांचे फोन वाजतात. पडलेला जुना मालक परत आला तर त्याला थेट कामाला लावत नाही. वही नव्या मालकाशी जुळवून घेतल्यावरच तो राखीव म्हणून बसतो. आणि राखीव म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून सगळी तिकिटं पुसली तर राखीव ती तितक्याच तत्परतेने पुसतो. रात्रीची वेगळी प्रत आम्ही दुसऱ्या गावी ठेवतो.

२०२३ च्या नाटकाला एफ-१२ वर एकच कुटुंब बसलं. आजी या खेपेला नव्हत्या, पण त्यांनी फोनवरून खुर्च्यांची चौकशी केली म्हणे.

साक्षीदार संगणक ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो देवघराशेजारच्या फळीवर ठेवलाय. त्यावर वहिनींनी चिठ्ठी चिकटवली आहे: "हे बंद करू नये. मंडळाचं आहे." डिसेंबरात ते दोघं सहा आठवडे भारतात निघाले, तेव्हा सवयीने घराचा मेन स्विच पाडून विमानतळावर गेले. आमचे फोन वाजले. सर्व्हर दोघेही शाबूत होते, दोन मतं होती, विक्री चालूच राहिली. पण काकू घरी नव्हत्या. शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन रात्री अकरा वाजता आम्ही त्यांच्या तळघरात टॉर्च घेऊन स्विच शोधत होतो.