भिंतीला भोक न पाडता नेट

आमच्या भागात नवं मराठी बिऱ्हाड आलं की आठवड्याभरात तीन चौकश्या हमखास होतात. तूरडाळ कुठे मिळते, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं आणि घरी नेट कुठलं घ्यायचं. डाळीचं सोपं आहे: बसमध्ये बसा आणि निशी-कासाईला उतरा. शाळेवरून नवरा-बायकोत जे व्हायचं ते होतंच. नेटचा सल्ला मात्र जो तो आपापल्या घरच्या राउटरवरून देतो, आणि गडबड तिथेच होते. शेजाऱ्याकडे झकास चालणारं नेट तुमच्याकडे रडू शकतं. इमारत एकच असली तरी त्याची खिडकी वेगळी असते आणि त्याचा व्हिसाही वेगळा असतो.

आमचं फुनाबोरी म्हणजे टोकियोच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डातलं, तोएई शिंजुकू लाइनवरचं स्टेशन. आराकावा नदीचा पूल ओलांडला की गाडी पुलावरूनच स्टेशनात शिरते आणि समोर ११५ मीटर उंचीचा टॉवर हॉल दिसतो. दोन हजार सालाच्या आसपास आयटीवाले भारतीय या वॉर्डात येऊ लागले, ते निशी-कासाईच्या आजूबाजूला स्थिरावले आणि तिथे जागा पुरेना तसे इकडे सरकले. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. मराठी माणूस इथे आता नवलाईचा राहिलेला नाही. पण यातली बरीचशी कुटुंबं कंपनीने पाठवलेली असतात. कुणी वर्षासाठी येतं, कुणी दोन वर्षांसाठी. 'वाढेल बहुतेक' असं म्हणत पाच वर्षं राहणारेही आहेत आणि दहाव्या महिन्यात परतीचं तिकीट हातात पडलेलेही आहेत. नेटचा विचार मी नेहमी इथून सुरू करते. किती स्पीड हवा, हे नंतर. तुम्ही इथे किती दिवस राहणार, ते आधी सांगा.

जपानमध्ये घरोघरी फायबर आहे, मग वायरलेसच्या मागे का लागायचं? रास्त प्रश्न आहे. तुमच्या खोलीत फायबरचं सॉकेट आधीच बसवलेलं असेल आणि दोन-तीन वर्षांची खात्री असेल, तर खुशाल फायबर घ्या, हा लेख वाचण्यात वेळ घालवू नका. पण भाड्याच्या घरात बऱ्याचदा ते नसतं. मग घरमालकाची किंवा इमारत सांभाळणाऱ्या कंपनीची परवानगी, कारागिराची तारीख, भिंतीला भोक पाडावं लागलं तर सोडताना ते बुजवण्याचा वाद, आणि हे सगळं जपानीत. मार्च-एप्रिल हा इथे घरं बदलण्याचा हंगाम, त्या दिवसांत तारीख मिळायला महिनासुद्धा जातो. शिवाय जुन्या इमारतींत 'फायबर आहे' असं सांगतात तेव्हा ते पुष्कळदा तळमजल्यापर्यंतच असतं, तिथून वर तुमच्या खोलीपर्यंत टेलिफोनची जुनी तार. त्या तारेतून फार तर १०० एमबीपीएस मिळतात, तेही कागदावर.

म्हणून होम राउटर. डब्याएवढं यंत्र येतं, त्यात सिम असतं, भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलं की दहा मिनिटांत घरात वाय-फाय. कारागीर नाही, भोक नाही. सॉफ्टबँकेचं 'एअर', डोकोमोचं २०२१ च्या ऑगस्टमध्ये आलेलं 'होम ५जी', केडीडीआयच्या जाळ्यावर चालणारं वायमॅक्स आणि राकुतेनचं 'टर्बो' ही त्यातली ठळक नावं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना जिओ एअरफायबर ठाऊक असेल, २०२३ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेलं. कल्पना तीच, मोबाइलच्या टॉवरवरून घरचं नेट. पण जिओवाला गच्चीवर नाहीतर बाहेरच्या भिंतीवर अँटेना लावून जातो. इथल्या राउटरचा अँटेना त्याच्या पोटातच असतो, म्हणजे टॉवरची लहर तुमच्या भिंती नि काचा भेदून आत यायला हवी. फरक एवढासाच, पण इथल्या अर्ध्या तक्रारी त्यातून निघतात.

जपानी इमारती भूकंपासाठी सळया घालून काँक्रीटने ठासलेल्या. खिडकीच्या काचेत आगीपासून बचावासाठी बारीक लोखंडी जाळी. नव्या इमारतींत उष्णता अडवायला काचेवर धातूचा पातळ थर असतो. उन्हाळ्यात त्याचा उपकार वाटतो, पण रेडिओलहरी तोच थर परतवून लावतो. उंच मजल्यावर राहणाऱ्यांना वाटतं, आपल्याला सगळ्यांत छान सिग्नल मिळणार. होतं उलटं. टॉवरचे अँटेना खाली, रस्त्यांकडे झुकवलेले असतात, कारण माणसं खाली असतात. दहा-बारा मजल्यांच्या वर फोन एकाच वेळी अनेक टॉवरांच्या कचाट्यात सापडतो आणि कुठल्याच एकाला नीट धरत नाही.

गेल्या वर्षी कोल्हापूरकडचं एक तरुण जोडपं सातव्या मजल्यावर राहायला आलं. "ताई, दुकानात सांगितलं चार हजार दोनशे एमबीपीएस," नवरा उत्साहाने म्हणाला. त्याने जाहिरातीचा कागदही आणला होता. मी म्हटलं, तो आकडा प्रयोगशाळेतला समज, आधी तीन फोन गोळा कर. रात्री दहाला आम्ही त्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन ओळीने ठेवले: त्याचा, माझा आणि खालच्या मजल्यावरच्या एका तामिळ मुलाचा. वाय-फाय बंद करून तिन्हींवर स्पीड टेस्ट. मग तेच फोन पलंगाशेजारी, मग स्वयंपाकघरात फ्रिजच्या डोक्यावर. एक फोन खिडकीत शंभराच्या वर पळत होता आणि फ्रिजवर पंधराला आला. दुसरा खिडकीत साठ, पण आत आल्यावरही तीस-पस्तीस धरून राहिला. त्यांनी त्या दुसऱ्या फोनची कंपनी घेतली. बायकोचं ऑफिसचं काम आतल्या खोलीत असायचं, त्यामुळे खिडकीतल्या शंभराचा तिला काही उपयोग नव्हता. तसं पाहिलं तर राउटर खिडकीशीच ठेवतात आणि तिथून वाय-फाय आत येतं, पण काँक्रीटच्या भिंतीमागे तेही दमतं. म्हणून दोन्ही जागा तपासायच्या.

किती स्पीड पुरतो, हे एकदा कळलं की जाहिरातीचा धाक राहत नाही. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ एमबीपीएस मागतं, ४के ला १५. व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात, फक्त ते दोन्ही दिशांनी हवेत. चौघांच्या घरात तीस-चाळीस एमबीपीएस सतत टिकले तर कुणाचं काही अडत नाही. टिकले तर! मोबाइलचा टॉवर सार्वजनिक नळासारखा, सगळ्यांनी एकदम सोडला की धार बारीक. जपानी माणूस कामावरून उशिरा येतो, आंघोळ-जेवण करतो आणि साधारण नऊ ते अकरा-साडेअकरा फोनला चिकटतो. आपली पंचाईत अशी की घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे. साताऱ्याला आजी-आजोबा दिवेलागण करून साडेसहाला नातवंडांना पाहायला बसतात, तेव्हा फुनाबोरीत रात्रीचे दहा वाजलेले असतात. ऐन गर्दीची वेळ. आजोबांचा चेहरा चौकोनी ठोकळ्यांत फुटतो तो तेव्हा. म्हणून तपासणी दुपारी करून उपयोग नाही, रात्री दहालाच करायची. मी सरळ सांगते, कॉल सकाळचा ठेवा: तिकडे सात, इकडे साडेदहा. रविवारी जमतं.

'अनलिमिटेड' या पाटीखालची बारीक अक्षरंही वाचा किंवा वाचून घ्या. वायमॅक्सवर पूर्वी तीन दिवसांच्या वापराची मर्यादा होती, ती ओलांडली की संध्याकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत वेग कापला जाई. ५जी प्लॅनवरची ती ठरावीक मर्यादा २०२२ च्या फेब्रुवारीत काढली. तरी फार वापर करणाऱ्यांचा वेग गर्दीच्या वेळी कमी करण्याचा हक्क बहुतेक कंपन्या आजही राखून ठेवतात.

आता पैशांचं, कारण खरा फास इथे आहे. पूर्वी करार मधेच मोडला की जबर दंड पडायचा. जपान सरकारने जुलै २०२२ पासून नव्या करारांसाठी त्यावर लगाम घातला: मोडण्याचा दंड एका महिन्याच्या शुल्कापेक्षा जास्त नको. लोकांना हायसं वाटलं. पण फास जागा बदलून राउटरच्या किमतीत जाऊन बसला. डोकोमोचं उदाहरण घेऊ. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या राउटरची किंमत ७१,२८० येन होती, ३६ हप्त्यांत महिना १,९८०. आणि बिलात दरमहा तेवढीच, १,९८० येनांची सूट. म्हणजे तीन वर्षं राहिलात तर राउटर फुकट. एका वर्षात परत निघालात तर सूट थांबते, हप्ते थांबत नाहीत: उरलेले २४ गुणिले १,९८०, एकूण ४७,५२० येन. सामान बांधण्याच्या धावपळीत हे बिल येतं आणि 'फुकट' राउटर आपण पुण्याला नेऊ शकतो एवढंच समाधान उरतं. तिथे तो शोभेला ठेवायचा. अशीच पद्धत इतरही कंपन्या चालवतात, काहींचे हप्ते तर ३६ हून जास्त असतात. यात फसवणूक नाही, सगळं करारात छापलेलं असतं. फक्त ज्याचं डेप्युटेशनच अठरा महिन्यांचं, त्याच्यासाठी ते छापलेलं नाही.

अशा माणसाने वापरलेला, कुठल्याही कंपनीचं सिम घेणारा राउटर विकत घ्यावा, किंवा महिन्याच्या भाड्याने मिळणारा घ्यावा. भाडं महाग वाटतं, पण वरच्या गणिताशी ताडून पाहा. एकट्या मुलाला तर वेगळं नेट लागतंच असं नाही. राकुतेन मोबाइलचा अमर्याद डेटाचा प्लॅन ३,२७८ येनांचा आहे, त्यावरच लॅपटॉप जोडता येतो. त्यांचा सिग्नल काही इमारतींच्या आत मार खातो, म्हणून त्यालाही तीच रात्री दहाची परीक्षा. डोकोमोच्याच अहामो या ब्रँडचा ३० जीबीचा प्लॅन २,९७० येनांचा, ऑफिसातच दिवस घालवणाऱ्याला पुरतो. आईवडील तीन महिन्यांसाठी येणार म्हणून कुणी होम राउटरचा करार करतं, तेव्हा मात्र मला त्या घरी जाऊन बोलावंसं वाटतं.

घर बदलण्याचा बेत असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. डोकोमो, सॉफ्टबँक आणि राकुतेन यांचा होम राउटर नोंदवलेल्या पत्त्यावरच वापरायचा असतो. ओसाकाच्या सहलीला पिशवीत घालून न्यायचा नाही, आणि घर बदललं की पत्ता बदलून घ्यायचा. वायमॅक्सला अशी अट नाही. वायमॅक्सवाल्या यूक्यूने राउटर काही दिवस घरी नेऊन वापरून पाहण्याची सोय बरीच वर्षं ठेवली होती. ती चालू असेल तर पहिल्यांदा ती घ्या.

दुकानात जाताना रेसिडेन्स कार्ड आणि क्रेडिट कार्ड लागतं. नव्या माणसाकडे जपानी क्रेडिट कार्ड नसतं, तेव्हा बँक खात्यातून पैसे कापतील का हे आधी विचारावं, काही कंपन्या कापतात. व्हिसाची मुदत थोडी उरली असेल तर राउटर हप्त्यांवर देत नाहीत, पूर्ण किंमत एकदम मागतात. तो नकार मला तर ग्राहकाच्या हिताचाच वाटतो. फुनाबोरीहून थेट गाडीने इवामोतोचोला उतरलं की अकिहाबारा चालत गाठता येतं. तिथल्या मोठ्या दुकानांत सगळ्या कंपन्यांची टेबलं शेजारी शेजारी असतात आणि कॅशबॅकच्या पाट्या डोळ्यांत भरतात. कॅशबॅक कधी, कसा आणि कुठल्या अर्जानंतर मिळणार हे लिहून घ्या. काही ठिकाणी तो कित्येक महिन्यांनी ईमेलला उत्तर दिलं तरच मिळतो, आणि ते ईमेल जपानीत येतं.

आमचा वॉर्ड नद्यांच्या तोंडाशी, बराचसा भरतीच्या पातळीखाली, म्हणून पुराचं एक वाक्य सांगायलाच हवं: वीज गेली की होम राउटर बंद. मोठ्या आपत्तीत सगळ्या मोबाइल कंपन्या 'फाइव्ह झीरो जपान' नावाचं मोफत वाय-फाय खुलं करतात. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात ते पहिल्यांदा वापरलं गेलं. ते नाव फोनमध्ये ओळखून ठेवा आणि पॉवर बँक भरलेली ठेवा.

शेवटचं, आणि हे कुणीच सांगत नाही म्हणून सांगते. जपानी कायद्याने घरच्या नेटचा करार करारपत्र हातात पडल्यापासून ८ दिवसांच्या आत लेखी कळवून मोडता येतो. कारण द्यावं लागत नाही, दंडही नाही, फक्त वापरलेल्या दिवसांचे आणि नोंदणीचे पैसे जातात. हप्त्यांवर घेतलेला राउटर मात्र त्यात आपोआप परत जात नाही, म्हणून 'आठ दिवसांत मोडलं तर यंत्र परत घ्याल का' हे सही करण्याआधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. राउटर आला की त्याच आठवड्यात, रात्री दहाला, गावी व्हिडिओ कॉल लावून पाहा. अडखळत असेल तर थांबू नका, मोडा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर ग्राहक तक्रारीचा नंबर १८८ आहे. जपानी बोलणारा सहकारी शेजारी बसवा आणि फोन करा.