दृष्टिपटल, चरबी आणि घराण्याची आठवण

डोळ्याच्या मागच्या पडद्याला हिब्रूत ‘रेश्तित’ म्हणतात. ‘रेशेत’ म्हणजे जाळे. मराठीत त्याला दृष्टिपटल म्हणतात. म्हातारपणी हा पडदा झिजू शकतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. परंतु काही घराण्यांत तो तरुण वयातच खराब होतो आणि त्याचे मूळ डोळ्यात नसून आतड्यात असते. अशाच एका दुर्मीळ आनुवंशिक रोगाची ही माहिती.

रोगाचे नाव अबीटालिपोप्रोटीनेमिया. १९५० साली अमेरिकेत डॉ. बासेन व डॉ. कॉर्नझ्वाइग यांनी एका १८ वर्षांच्या यहुदी मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिचे दृष्टिपटल खराब झाले होते आणि रक्तातील तांबड्या पेशी काटेरी दिसत होत्या.

आपण खातो ते तेल, लोणी, नारळाचे दूध आतड्यात पचते. पण चरबी पाण्यात मिसळत नाही. रक्तातून न्यायची तर ती प्रथिनाबरोबर बांधावी लागते. ही बांधणी करणारे द्रव्य या रोग्यांत काम करत नाही. त्यामुळे चरबी आतड्यातच अडकते, आणि तिच्याबरोबर प्रवास करणारी ए, ई, डी, के ही जीवनसत्त्वेही शरीराला पुरेशी मिळत नाहीत. अंधुक प्रकाशात दिसण्यासाठी ‘ए’ लागते. पडद्याचे आणि मज्जातंतूंचे रक्षण ‘ई’ करते.

लक्षणे तान्हेपणीच सुरू होतात : दूध पचत नाही, शौच तेलकट व दुर्गंधी होते, वजन वाढत नाही. पुढे रातांधळेपणा येतो, बाजूचे दिसेनासे होते, चालताना तोल जातो. रक्तात कोलेस्टेरॉल फारच कमी आढळते.

समाधानाची गोष्ट ही, की यावर उपाय आहे. आहारातील चरबी कमी करून डॉक्टरांच्या देखरेखीखाली जीवनसत्त्वे मोठ्या प्रमाणात देतात. बालपणीच सुरुवात झाली तर दृष्टी बरीच वाचवता येते. उशीर झाला, तर झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. मात्र हे वाचून कोणीही स्वतःहून गोळ्या घेऊ नयेत. ‘ए’ जास्त झाल्यास यकृताला अपाय होतो, आणि रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यास जास्त ‘ई’मुळे रक्तस्रावाचा धोका असतो.

आईबाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल आजारी पडते. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात ही शक्यता चारात एक असते. आईबाप स्वतः निरोगी असतात, म्हणून त्यांना कल्पनाही नसते. नात्यात लग्न झाले, तर दोघांत तोच दोष असण्याचा संभव वाढतो. अश्केनाझी समाजात या रोगाचा एक ठरावीक जनुकदोष आढळलेला आहे.

इथे वडीलधाऱ्यांचे काम मोठे आहे. कोकणातल्या आपल्या घराण्यात कोणाचे लग्न मामेबहिणीशी वा आतेबहिणीशी झाले, कोणाला तरुणपणी रात्री दिसत नव्हते, कोणते मूल दूध न पचल्याने गेले, हे मुलांना माहीत नाही; तुम्हाला माहीत आहे. त्यामागे हाच रोग असेल असे नाही, रातांधळेपणाची कारणे अनेक आहेत. तरीही ही आठवण लिहून मुलासुनांना द्या. नातवंडांच्या लग्नाआधी वा बाळंतपणाआधी त्यांनी ती आपल्या कुपत खोलिमच्या डॉक्टरांना दाखवावी आणि जनुक तपासणीबद्दल विचारावे.