केडगावच्या छापखान्यातले बायबल

देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसायचे, पोथी उघडायची आणि खणखणीत आवाजात संस्कृत श्लोक वाचायचे. येणारेजाणारे थांबत, हात जोडत, पोथीपुढे फुले, फळे, चार पैसे ठेवत. अर्थ किती जणांना कळे? फार थोड्यांना. पण त्याचे कुणाला काही वाटत नसे. श्लोक कानावर पडला की पुण्य पदरात पडले! अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब अशा पुराणवाचनावर गुजराण करत वर्षानुवर्षे देशभर फिरले. १८५८ साली जन्मलेली त्यांची धाकटी लेक म्हणजेच पंडिता रमाबाई. भागवताचे हजारो श्लोक तिला पाठ होते आणि संस्कृतचे धडे तिला मिळाले ते आईकडून. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीबुवांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता, तो असा फळाला आला.

दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरलेली भावंडे पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरवले. पण पाठ असणे वेगळे आणि मन भरणे वेगळे.

लग्नानंतर आसामात सिल्चरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत तिला एक लहानसे बंगाली पुस्तक सापडले. ते होते लूककृत शुभवर्तमान. ती ते आवडीने वाचू लागली. नवऱ्याला हे रुचले नाही. पुढे १८८२ साली तेही गेले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई विधवा झाल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचा बेत होता, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्याने तो सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इथे गोष्ट संपली असे कुणाला वाटेल. रमाबाईंना तसे वाटले नाही. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या हकिगतीत त्यांनी मोकळेपणी कबूल केले आहे, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे धर्म मिळाला होता, पण मनाला हवा होता तो ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढ्या मोठ्या पंडितेने हे लिहावे, याला धैर्य लागते. बायबल त्या वाचत होत्याच; पण बुद्धीला पटणारे वचन आपल्यासाठीच आहे असे वाटू लागले, तेव्हा कुठे त्यांच्या वाचनात आनंद आला.

हा आनंद एकटीने भोगायचा नाही, असे त्यांनी ठरवले असावे. पुण्याजवळ केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि विधवा राहत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी अक्षर पाहिले नव्हते. मराठी बायबल तेव्हा होते, पण त्यातली संस्कृतप्रचुर भाषा या बायकांच्या डोक्यावरून जाई. म्हणजे पुन्हा तीच ओवरी आणि तेच न कळणारे शब्द!

पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई मग हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या. ग्रीक ही संस्कृतची दूरची बहीण, तिची विभक्ती-प्रत्ययांची रीत व्याकरणात मुरलेल्या बाईला अगदीच परकी वाटली नसेल. हिब्रूचा मात्र संस्कृतशी काही नातेसंबंध नाही. उजवीकडून डावीकडे लिहायचे, बहुतेक धातू तीन व्यंजनांचे. तरी त्या मूळ भाषांवरून एकेक पुस्तक मराठीत आणत गेल्या. आश्रमाचा व्याप, हिशेब, आजारपणे सांभाळून हे काम सुमारे १८ वर्षे चालले. गंमत पाहा, जिच्या जिभेवर संस्कृत नाचत होते, तीच बाई जड संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होती. दळणकांडण करणाऱ्या बाईला कळेल तो शब्द खरा.

सगळ्यांना हे भाषांतर पसंत पडले असे नाही. चर्चमधून बायबल सोसायटीचेच मराठी बायबल वाचले जात राहिले. पण रमाबाईंचा वाचक चर्चच्या व्यासपीठावर नव्हताच. तो त्यांच्या अंगणातच होता.

१९२१ साली मनोरमा गेली. आईचा उजवा हातच तो. रमाबाईंनी हातातले काम खाली ठेवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून. तिथे खिळे जुळवायला आणि छपाईच्या कामाला होत्या आश्रमातल्याच बायका.