खोटं कोर्ट, खरी शिक्षा

शहाण्या माणसानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. तरीही तारखेच्या दिवशी जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या कोर्टात गर्दी असतेच. कुणाचा बांधाचा वाद, कुणाचा वाटणीचा. खुनाचा खटला मात्र तिथं चालत नाही, तो सत्र न्यायालयात जातो. म्हणून बहुतेकांनी असा खटला पाहिलेला असतो तो पडद्यावरच. बी. आर. चोप्रांचा एकही गाणं नसलेला ‘कानून’ (१९६०) अनेकांना आठवत असेल.

मराठीत असा खटला पडद्यावर आला तो १९७१ साली, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या चित्रपटात. विजय तेंडुलकरांचं मूळ नाटक १९६७ चं. चित्रपटाचे दिग्दर्शक सत्यदेव दुबे, छायालेखक गोविंद निहलानी. लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे होत्या. अमरीश पुरी आणि अमोल पालेकरही त्यात होते.

गोष्ट अशी. मुंबईची एक नाटकमंडळी गावात येते. त्यांचा प्रयोग म्हणजे अभिरूप न्यायालय, अणुबॉम्बबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरचा खटला. प्रयोगाला वेळ असतो, म्हणून गावच्या सामंतला कोर्टाची रीत समजावी यासाठी गंमत म्हणून एक लुटुपुटूचा खटला उभा करतात. आरोपी कोण? शाळेत शिकवणाऱ्या बेणारेबाई. आरोप भ्रूणहत्येचा आणि कलम ३०२, म्हणजे थेट खुनाचं!

आता कायद्याच्या नजरेनं पाहू. भारतीय दंड संहितेत गर्भपाताची कलमं ३१२ पासून पुढं, वेगळी होती. ३०२ तिथं लागूच होत नव्हतं. (१ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली.) फिर्यादीचा वकील आणि आरोपीचा वकील एकच, सुखात्मे. न्यायाधीश काशीकर स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात. सामंत तर चक्क एका कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. बाकीचा पुरावा कुजबुजीचा. खऱ्या कोर्टात यातलं काही टिकलं नसतं.

पण खेळता खेळता कळतं, की लग्न न झालेल्या बेणारे खरोखर गरोदर आहेत. मग गंमत संपते. ज्या प्राध्यापक दामलेंचं नाव पुढं येतं, ते हजरही नसतात आणि आरोपीही होत नाहीत. शेवटी निकाल काय, तर पोटातला गर्भ नष्ट करावा! ज्या गुन्ह्याचा आरोप, तीच शिक्षा. बाई ते मूल वाढवायला तयार असतात, हे कुणी ऐकतच नाही.

१९७१ सालीच गर्भपाताचा कायदा संसदेत मंजूर झाला. त्यात संततिनियमनाचं साधन निकामी ठरल्याचं कारण फक्त विवाहितेला देता येत होतं. ‘कोणतीही स्त्री’ असे शब्द त्या जागी यायला २०२१ उजाडलं. मधे पन्नास वर्षं गेली.

कायदा उशिरा का होईना, बदलला. पण पारावरचं, ओट्यावरचं कोर्ट? तिथं वकीलपत्र लागत नाही, तारीख पडत नाही, अपील तर नाहीच. एखाद्या मुलीबद्दल कुजबुज सुरू झाली की आपण सगळेच न्यायाधीश होतो. अशा वेळी एकानं तरी विचारावं, ‘पुरावा काय?’ आणि त्याहून आधी, ‘हा खटला चालवणारे आपण कोण?’