पोटदुखीचा फॉर्म

जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या निदान करणाऱ्या एआय प्रणालीचा निकाल जाहीर केला आणि यंत्र डॉक्टरांपेक्षा चौपट अचूक ठरल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या ३०४ अवघड केसेसवर ही परीक्षा बेतली होती. प्रणालीला ८५.५ टक्के गुण पडले, तर अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २१ अनुभवी डॉक्टरांना सरासरी २०. अट मात्र अशी की, डॉक्टरांनी पुस्तक उघडायचं नाही आणि सहकाऱ्याला विचारायचं नाही. केस अडली की कुठलाही शहाणा डॉक्टर आधी याच दोन गोष्टी करतो, हे सोडून देऊ.

बातमी वाचून एका वाचकाने विचारलंय, ‘मग आता चुकीची निदानं थांबणार का?’ प्रश्न रास्त आहे. पण बातमीत माझी नजर ८५ टक्क्यांवर ठरलीच नाही. ती अडकली ३०४ वर.

एप्रिल १९७२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक शोधनिबंध आला होता. लीड्समधले सर्जन टिम डी डोम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पोटात अचानक दुखू लागलं म्हणून रुग्णालयात आलेल्यांचं निदान संगणकाकडून करून घेतलं होतं. रुग्ण किती? ३०४. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर निघालं. त्या-त्या रुग्णाला तपासणाऱ्या चमूतल्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरचं ७९.६ टक्के. यंत्राने डॉक्टरला हरवल्याची बातमी अशी अर्धशतकाहून जुनी आहे आणि योगायोगाने आकडाही तोच. तरीही एआयच्या इतिहासावर बोलणाऱ्यांच्या तोंडी डी डोम्बल यांचं नाव क्वचितच येतं. ते यायला हवं, कारण संगणक जिंकल्यावर पुढे काय झालं, ही गोष्ट त्यांच्याकडे आहे आणि ती जिंकण्यापेक्षा जास्त शिकवते.

त्यांनी पोटदुखी निवडली, यातही त्यांची हुशारी दिसते. तेव्हा पोटाचा सीटी स्कॅन रुग्णालयांत पोचला नव्हता. पोटात काय चाललंय ते बाहेरून, हाताने दाबून आणि विचारून ओळखायचं. अपेंडिक्सला सूज आली की दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होतं, कारण अपेंडिक्सच्या आणि बेंबीभोवतालच्या त्वचेच्या संवेदना मज्जारज्जूत साधारण एकाच पातळीवर पोचतात आणि मेंदूचा गोंधळ उडतो. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडते. त्या अस्तराच्या चेतातंतूंना नेमकी जागा कळते, म्हणून दुखणं उजवीकडे खाली सरकतं. म्हणजे ‘आत्ता कुठे दुखतंय?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘सुरुवात कुठून झाली?’ हे विचारलं, तर निम्मं काम होतं. रात्री दोन वाजता थकलेला शिकाऊ डॉक्टर नेमका हाच प्रश्न विसरतो.

लीड्सच्या संगणकाला यातलं शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर सात शक्यता होत्या: अपेंडिक्स, पित्ताशयाची सूज, फुटलेला अल्सर, स्वादुपिंडाचा दाह, आतड्यातला अडथळा, मोठ्या आतड्याच्या पिशव्यांचा दाह आणि सातवी, सगळ्यांत प्रांजळ, ‘विशेष कारण नसलेली पोटदुखी’. प्रत्येक आजारात कुठलं लक्षण किती जणांत दिसतं, याच्या खऱ्या नोंदी त्याला दिल्या होत्या. त्यावर अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या पाद्रीबाबाचं सूत्र चालवायचं. सूत्राचा गाभा आपल्याला व्यवहारातून माहीत असतो. आभाळात तसाच काळा ढग जूनमध्ये रत्नागिरीला दिसला तर माणूस छत्री शोधतो, फेब्रुवारीत दिसला तर वाळत घातलेले पापड आत घेत नाही. खुणेचा अर्थ ठरतो तो ती गोष्ट मुळात किती वेळा घडते त्यावरून. हे गणित माणसाला डोक्यात नीट जमत नाही, शिकलेल्या माणसालाही नाही.

किती जमत नाही, हेही डी डोम्बल यांच्या गटाने मोजून पाहिलं. खऱ्या नोंदी काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी, ‘या आजारात हे लक्षण किती जणांत असतं असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारून डॉक्टरांचे अंदाज भरले. सूत्र तेच, रुग्ण तेच. अचूकता ९१ वरून ८२ टक्क्यांवर घसरली, म्हणजे जवळपास डॉक्टरांच्याच पातळीला आली. यंत्राची हुशारी यंत्रात नव्हती, नोंदवहीत होती! मला हा प्रयोग त्या पहिल्या विजयापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

खरी गंमत पुढे झाली. संगणक वापरात होता त्या काळात खुद्द डॉक्टरांची निदानं सुधारत गेली. विनाकारण पोट उघडण्याचं प्रमाण खाली आलं, शस्त्रक्रियेआधीच फुटलेली अपेंडिक्स कमी सापडू लागली. १९७२ च्या ऑगस्टमध्ये प्रयोग संपला, संगणक गेला आणि आकडे पुन्हा पूर्ववत होऊ लागले. पुढे आठ रुग्णालयांत, सोळा हजारांहून अधिक रुग्णांवर हीच पद्धत वापरून पाहिली. १९८६ साली आलेल्या त्या अहवालात डॉक्टरांच्या पहिल्या निदानाची अचूकता ४५.६ वरून ६५.३ टक्क्यांवर गेली होती. उशीर होऊन अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण २३.७ वरून ११.५ वर आलं होतं. एवढा फायदा नव्या औषधाने दिला असता तर कंपनीने विमानं भरून डॉक्टर परदेशात नेले असते.

हे घडलं कशाने? संगणकाला माहिती द्यायची तर ठराविक प्रश्नांचा छापील फॉर्म भरावा लागे. दुखणं कुठे सुरू झालं, सरकलं का, उलटी आधी की दुखणं आधी, हाताने दाबल्यावर जास्त दुखतं की हात काढल्यावर. फॉर्म असला की प्रश्न विसरता येत नाही. शिवाय प्रत्येक रुग्णाचं अंतिम निदान, शस्त्रक्रियेत दिसलेलं किंवा पुढे स्पष्ट झालेलं, नोंदवून त्या डॉक्टरपर्यंत परत पोचवलं जाई: तुम्ही हे म्हणाला होता, निघालं ते. १९९२ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयातून आलेल्या अभ्यासात तर फॉर्मचा फायदा स्पष्ट दिसला आणि संगणकाने त्यात फारशी भर घातल्याचं दिसलं नाही. डी डोम्बल यांनी निदानाला संगणक जुंपला आणि हाती लागली चौकशीची शिस्त. ते विस्मरणात जाण्याचं कारणही कदाचित हेच असावं; कागदी फॉर्मचे फोटो चांगले येत नाहीत.

नीट विचारण्याचं मोल किती, याचंही ब्रिटनमध्ये मोजमाप झालेलं आहे. १९७५ च्या एका अभ्यासात ८० नव्या रुग्णांपैकी ६६ जणांचं निदान केवळ त्यांची हकीगत ऐकून झालं होतं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. प्रत्यक्ष तपासणीने ७ आणि प्रयोगशाळेने ७ जणांच्या निदानाला कलाटणी दिली. आता हे ऐकायला वेळ किती मिळतो ते पाहा. देशोदेशींच्या डॉक्टरांच्या भेटींची लांबी मोजणारा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका भेटीला साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत ‘सुरुवात कुठून झाली?’ कोण विचारणार?

आपल्याकडचं याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण क्षयरोगाचं आहे आणि ते ज्या पद्धतीने उजेडात आलं, ती पद्धत मला फार आवडते. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका मॉडेलला ‘पॅटी डगर’ नावाची रुग्ण व्हायला शिकवलं: दोन्ही पाय लुळे पडलेली, मल्टिपल स्क्लेरोसिस झालेली बाई. विद्यार्थ्यांनी तिला तपासायचं आणि तिने नंतर त्यांचे गुण सांगायचे. वैद्यकशिक्षणात नाटकवाल्यांचं काय काम, असं वाटणारे पुष्कळ होते. आज ही पद्धत जगभर रुळली आहे. नोव्हेंबर २०१४ ते ऑगस्ट २०१५ या काळात अशाच सराव केलेल्या २४ ‘रुग्णांना’ मुंबई आणि पाटण्याच्या खाजगी दवाखान्यांत पाठवलं गेलं. डॉक्टरांना कोण, केव्हा येणार हे ठाऊक नव्हतं. तक्रार साधी, म्हणजे काही आठवड्यांचा खोकला आणि ताप. काहींच्या हातात आधीचे रिपोर्टही होते. २,६०० हून अधिक भेटी झाल्या. थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे किंवा योग्य ठिकाणी पाठवणं, यांपैकी काही करून रुग्णाला बरोबर वाटेला लावलं गेलं ते सुमारे ३५ टक्के भेटींत. बाकीच्यांच्या हाती खोकल्याचं औषध, अँटिबायोटिक्सचा कोर्स, क्वचित स्टेरॉइड. यातली क्विनोलोन गटातली अँटिबायोटिक्स क्षयाच्या जंतूंना तात्पुरतं दाबतात. रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान आणखी लांबतं.

हे डॉक्टर अडाणी होते का? दिल्लीतल्या आधीच्या एका छोट्या अभ्यासात हेही तपासलं होतं. तशीच केस कागदावर लिहून दिली, तेव्हा डॉक्टरांनी कितीतरी चांगली उत्तरं दिली. म्हणजे ज्ञान होतं. समोर खोकणारा माणूस आला आणि बाहेर रांग असली की ते वापरात येत नव्हतं. एआय या जागी नेमकं काय करणार, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

यंत्रं वाईट आहेत असं मुळीच म्हणायचं नाही. गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ घ्या. बॅटरीवर चालतं, थुंकीतल्या क्षयजंतूंचा डीएनए तासाभरात ओळखतं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. मला त्याचं फार कौतुक आहे; अमेरिकेतल्या थेरॅनोस कंपनीने नऊ अब्ज डॉलरची हवा भरून थेंबभर रक्तातून तपासण्यांचं दाखवलेलं स्वप्न एकीकडे आणि हे गुपचूप काम करणारं खोकं एकीकडे. छातीच्या एक्स-रेवर क्षय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरलाही २०२१ मध्ये याच संघटनेने मान्यता दिली. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे ते खरंच उपयोगी पडेल. पण ट्रूनॅटपर्यंत थुंकी पोचायला आधी कुणीतरी ‘खोकला कधीपासून?’ असं विचारावं लागतं.

मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेतही एक मोठी उणीव आहे. त्या केसेसमधल्या प्रत्येकाला काहीतरी दुर्मीळ, छापण्याजोगं झालेलं होतं. विशेष काही न झालेला माणूस त्यात नव्हताच. त्यामुळे प्रणाली निरोगी माणसाला नाहक किती तपासण्या करायला लावेल, हे त्यातून कळत नाही. लीड्सच्या ३०४ मध्ये ‘विशेष कारण नसलेली पोटदुखी’ घेऊन आलेला मोठा गट होता आणि त्यांना कापाकापीपासून वाचवणं हाच अर्धा खटाटोप होता.

यंत्र काढून घेतल्यावर काय होतं, हा लीड्सचा प्रश्नही परत आलाय. २०२५ मध्ये पोलंडमधल्या चार केंद्रांवरून एक निरीक्षण प्रसिद्ध झालं. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआय पडद्यावर चौकट काढून गाठी दाखवून देतं. ते वापरायची सवय लागलेल्या डॉक्टरांनी त्याच्याशिवाय तपासण्या केल्या, तेव्हा कर्करोगपूर्व गाठी सापडण्याचं प्रमाण, जे एआय येण्याआधी २८.४ टक्के होतं, ते २२.४ वर आलं. हा प्रयोग नव्हे, निरीक्षण आहे. रुग्ण बदलले असतील, कामाचा ताण वाढला असेल. पण लीड्समध्ये डॉक्टर किमान होते त्या जागी परतले होते. इथे ते मागे गेलेले दिसतात. फॉर्म डॉक्टरला विचार करायला लावतो, पडद्यावरची हिरवी चौकट बहुधा त्यातून सुटका देते.

मला जास्त काळजी वाटते ती निकाल डॉक्टरपर्यंत परत न पोचण्याची. भारतातल्या अभ्यासांचा २०१४ चा आढावा सांगतो की, क्षयाची लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत सर्वसाधारणपणे ५५ दिवस जातात आणि तोवर रुग्ण सरासरी तीनेक ठिकाणी दाखवून आलेला असतो. पहिल्या दोघांचं काय? गुण आला नाही म्हणून रुग्ण दुसरीकडे गेला आणि ‘परत आला नाही म्हणजे बरा झाला’ अशी पहिल्याची समजूत झाली. चूक झाली हे त्याला आयुष्यभर कळत नाही, तर तो सुधारणार कशावरून? वीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो अशा वेळी वीस वर्षांचा गैरसमजही असू शकतो.

हे बदलायची सोय आपल्याकडे जवळपास तयार आहे. २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद करणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि ‘नि-क्षय’ पोर्टलवर ती होते. तिथे रुग्णाच्या संमतीने एक प्रश्न वाढवावा: याआधी खोकल्यासाठी कुणाला दाखवलं होतं? आणि त्या डॉक्टरच्या फोनवर एक मेसेज जावा. त्यात रुग्णाचं नाव नको, चौकशीची धमकी नको. भेटीचा महिना, तक्रार आणि पुढे झालेलं निदान, एवढंच. शिक्षेचा वास आला तर नोंदी बंद पडतील. पहिल्या वर्षी बरेच डॉक्टर चिडतील, काही नंबर ब्लॉक करतील. पण एका पावसाळ्यात तीन मेसेज आलेला माणूस चौथ्या खोकल्याला ‘कधीपासून?’ असं विचारेल, असा माझा अंदाज आहे.